थर्मामीटरला फुटलेला घाम

बेचाळीसवरून सव्वीस! तेही दीडशे माणसांच्या डोळ्यांदेखत, पाच मिनिटांत. मशीन सोडून सगळे भिंतीपाशी गोळा झाले होते. मागचे टाचा उंचावून बघत होते, पुढचे हात जोडून उभे होते, आणि पॅकिंगवाली बाई तर चक्क रडायला लागली. थर्मामीटरमधली लाल रेघ खाली खाली सरकत होती आणि तिच्याशेजारी गारबाबा डोळे मिटून पुटपुटत होते.

आमचा शर्ट शिवण्याचा कारखाना. वर पत्रा, खाली आम्ही. भिंतीवर थर्मामीटर आणि त्याच्या बाजूला रंगवलेला नियम: चाळीसच्या वर गेलं की काम बंद. पूर्वी वर्षातून दोनतीनदा बंद व्हायचं. आता उन्हाळाभर अकरा वाजायच्या आतच चाळीस होऊ लागले, तसा मालकांना घाम फुटला आणि त्यांनी कुठून तरी हे बाबा आणले.

“लेकरांनो, सूर्य कोपला आहे!” बाबा सांगत होते. “तुमच्या पापांची वाफ त्याच्या डोळ्यांत गेली आहे. मी त्याची उष्ण लहर या शीतसूत्रात बांधली. आता निर्धास्त काम करा.”

शीतसूत्र म्हणजे पांढरा दोरा. थर्मामीटरच्या खालच्या फुग्याला त्याचे सातआठ वेढे दिलेले आणि दोऱ्याचं टोक ‘शीतजला’च्या बाटलीत सोडलेलं. समोर एक टेबलफॅन. तो कशाला, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणे लहरी पसरायला वारा लागतो. महाराजांच्या लहरी, पण वीज कारखान्याची!

“काय गार वाटतंय नाही रे?” माझी ताई म्हणाली. ती कॉलरच्या मशीनवर बसायची. बोलताना पदराने मान पुसत होती.

“ताई, तू पुसतेयस काय मग?”

“तुझं आपलं काहीतरीच. सव्वीस आहे, वाच की.”

मी मशीन दुरुस्त करणारा माणूस. माझ्या हातातलं तेल पाण्यासारखं पातळ झालं होतं, आणि सव्वीसला तेल असं होत नाही. पण दीडशे लोकांना तेल दाखवून काय उपयोग? मी गेलो आमच्या जुन्या विज्ञानाच्या बाईंकडे. कारखान्यातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी शाळेत पिळलेले. सगळं ऐकून बाईंनी एकच प्रश्न विचारला.

“दोरा ओला आहे का रे?”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई छत्री टेकत आल्या. पर्समधून स्वतःचा थर्मामीटर काढून त्यांनी तो बाबांच्या थर्मामीटरशेजारी टांगला. बेचाळीस.

“त्या यंत्राची श्रद्धा नाही,” बाबा म्हणाले.

“यंत्राला श्रद्धा नसते हो, म्हणून तर त्याला विचारायचं,” बाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या रुमालाची पट्टी फाडली, नळाखाली भिजवली, आपल्या थर्मामीटरला गुंडाळली आणि पंखा तिकडे वळवला. रेघ घसरू लागली. पाच मिनिटांत सव्वीस! मग बाबांच्या थर्मामीटरचा दोरा सोडून तिथे कोरडा दोरा बांधला. ती रेघ चढत चढत बेचाळीसवर जाऊन बसली.

“पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं. फुग्याभोवती ओलं होतं म्हणून तेवढाच फुगा गार झाला. हवा आहे तशीच आहे. यांनी फक्त थर्मामीटरला घाम फोडला!”

हशा पिकला. बाबांनी पिशवी आवरली, ‘अश्रद्धांच्या ठिकाणी मी थांबत नाही’ असं म्हणाले आणि निघून गेले. आठवड्याच्या आत ते शेजारच्या बाटल्यांच्या कारखान्यात गारवा वाटत होते, हेही सांगून टाकतो.

हशा ओसरल्यावर ताईने विचारलं, “बाई, मग सूर्य कोपला नाही, तर हे इतकं तापतंय कशानं?”

“सूर्य होता तसाच आहे गं. सुपरवायझरची गाडी उन्हात काचा लावून उभी असते ना? काचेतून उजेड आत जातो, ऊब मात्र आतच अडकते. आकाशाचंही थोडंफार तसंच आहे. कोळसा जाळला, पेट्रोल जाळलं, त्याचा वायू वर साठत गेला. तो उन्हाला आत येऊ देतो, पण जमिनीवरून परत जाणारी ऊब धरून ठेवतो. वर्षानुवर्षं आपण तो वाढवतोय.”

“मग तो काढायचा कसा?”

“जाळणं कमी करायचं. सगळ्यांनी, सगळीकडे.”

“म्हणजे गार कधी होईल?”

बाईंनी फुग्यावरची पट्टी सोडून पिळली. “तुझ्यामाझ्या हयातीत नाही,” त्या म्हणाल्या. शाळेत त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या, तिथेही बोलल्या नाहीत. पण मला वाटलं, एकदा तरी बोलायला हवं होतं.

त्यानंतर चार दिवस नियम पाळला गेला. अकराला भोंगा व्हायचा आणि आम्ही घरी जायचो. घर काही गार नव्हतं. पाचव्या दिवशी मालकांनी सांगितलं, असंच चाललं तर मशीन उचलून दुसरीकडे नेतो. सहाव्या दिवशी सकाळी मी आत गेलो, तर ताई स्टुलावर उभी राहून थर्मामीटरला दोरा बांधत होती. तिच्याच मशीनचा दोरा, नळाचंच पाणी.

“ताई, अगं कळलंय ना तुला सगळं?”

“कळलंय. म्हणून तर नीट बांधता येतोय.” ती खाली उतरली. “तू बघितलं नाहीस.”

आणि मी बघितलं नाही. दीडशे माणसांपैकी एकानेही बघितलं नाही. बाबा होते तेव्हा निदान काही लोक फसले तरी होते. आता कुणीच फसलेलं नव्हतं, आणि भिंतीवर सव्वीस होतं.

नवव्या दिवशी दुपारी तिनेकच्या सुमाराला ताईने मला हाक मारली. पांढऱ्या कॉलरवर घामाचा थेंब पडला की पिवळा डाग राहतो आणि नग परत येतो, म्हणून कॉलरवाल्या बायका मनगटाला फडकी बांधून शिवतात. ताईने फडकी सोडून ठेवली होती.

“बघ, एकही डाग नाही,” ती हसून म्हणाली. बोलताना जीभ जड झाली होती. “घामच येत नाहीये आज.”

मी तिचा हात धरला. इस्त्रीच्या टेबलासारखा कोरडा आणि कडक तापलेला. मी ओरडलो, पाणी ओतलं, उचलून दवाखान्यात नेलं. संध्याकाळच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले, शरीरातलं पाणी संपलं की घाम थांबतो आणि घाम थांबला की आतून माणूस भाजतो. नळ आणि संडास दोन्ही लांब, मशीन सोडलं की मागची लाइन अडते, म्हणून त्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांनी भिंतीवर सव्वीस वाचलं आणि उष्णतेने मृत्यू नाही असं लिहून घेतलं. मी तेव्हा तोंड उघडलं, दोरा ओला आहे म्हणून सांगितलं. बाकीचे दीडशे खाली मान घालून उभे राहिले. मी त्यांना दोष देत नाही, कारण स्टुलावरची ताई मीही पाहिली नव्हती.

वाचणाऱ्यांना माझं हात जोडून एवढंच सांगणं आहे. कुठे आकडा खाली आलेला दिसला, तर टाळ्या वाजवण्याआधी दोरा ओला आहे का ते बघा. भिंतीवर विश्वास ठेवण्याआधी स्वतःच्या कातडीला विचारा. आणि उत्तर कळलं, तर गप्प बसू नका. भोळ्यांना शहाणं करायला बाईंना एक सुट्टी पुरली. आम्हा शहाण्यांचं काय करायचं, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

आज कारखान्यात सव्वीस आहे. कॉलरच्या मशीनवर नवी बाई बसली आहे.