इंजिनाच्या वहीतलं नाव

माझी लेक आठ महिन्यांची झाली, तरी तिचं बारसं झालेलं नाही. घरात सगळे तिला बाय म्हणतात.

नाव माझ्या नवऱ्याने, हर्षदने ठरवलं होतं. तो मालवाहू बोटीवर इंजिन सांभाळायचा. "इंजिनाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. बारशाला येईन तेव्हाच सांगेन," असं तो बोटीवरून फोनवर म्हणाला. मी रुसले, तर हसला. "तुला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या मांडवीला कळेल गो!"

आठवड्याने, दोन देशांचं युद्ध चालू होतं त्या समुद्रात, त्यातल्या एकाच्या आरमाराने ती बोट पकडली. गोळीबारात हर्षद गेला.

काल त्याची पेटी आली. शर्ट, दाढीचं सामान, बाळाचे पिवळे मोजे. वही नव्हती. बाय झोपली तेवढ्यात मी कंपनीच्या वकिलांना फोन केला.

"ताई, खलाशाचं खासगी सामान परत मिळतं. पण बोट आणि माल जप्त करायचा का, ते बोट पकडणाऱ्या देशाचं कोर्ट ठरवणार. बोटीच्या वह्या तिथे पुरावा आहेत."

"वही राहू दे. तिच्या शेवटच्या पानावरचा एक शब्द हवाय."

"ते पान त्यांनी सीलबंद केलंय, ताई. आपली मराठी लिपी त्यांच्या ओळखीची नाही, म्हणून सांकेतिक निरोप वाटला त्यांना."

आज हर्षदची मोठी बहीण, वेदिकाताई, पाळण्यापाशी बसल्या. "वयनी, किती थांबायचं? आत्या म्हणून कानात काय सांगू मी हिच्या?"

"बाबांनी नाव ठेवलंय, एवढंच सांगा."

त्या वाकल्या आणि तेवढंच बोलल्या. बायने त्यांचा कान मुठीत धरला, आणि काही केल्या सोडेना.