सगळे काळे पडले तर

एकतीस सालच्या जूनमध्ये माझा धाकटा भाऊ मारोतराव कुहीहून दमणीला बैल जुंपून आला, तो लेकीला परत न्यायच्या तयारीनंच. प्रयाग सात वर्षांची, वर्षभर माझ्याकडे नागपुरात होती. मुलींच्या शाळेत दुसरीत घेतलं तर राहू दे. पहिलीत बारक्या पोरींत बसवणार असतील तर मला घरी पाळणा हलवायला माणूस पाहिजे, असं त्याचं म्हणणं. शाळेत जायच्या आधीच तिचं गाठोडं त्यानं दमणीत टाकून ठेवलं. माणूस धोरणी.

तिला शिकवलं होतं मी. मी स्वतः शाळेची पायरी चढले नव्हते. आकडे ओळखायला शिकले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवरून. पाटीवर कसं शिकवतात ते ठाऊक नाही, म्हणून मी तिला अष्टाचंग शिकवला. जमिनीवर खडूनं घरं आखायची, दोन चिंचोके मधोमध फोडून केलेल्या चार फोडी टाकायच्या, पांढऱ्या बाजू जितक्या वर, तितकी घरं सोंगटी पुढे. किती पडले तर कोणाची सोंगटी मरेल, हे ती फोडी पडायच्या आधीच सांगू लागली. दिवाळीपर्यंत मी जिंकत होते. संक्रांतीनंतर नाही.

शाळेच्या मुख्य बाई कुसुमताईंनी तिला आत घेतलं. मी दाराशी बसले, मारोतराव फाटकाबाहेर बैलांपाशी. बेरजा, वजाबाक्या झाल्या. मग बाईंना तिच्या मुठीतली चिंचोक्यांची पुरचुंडी दिसली. त्यांनी त्या चार फोडी टेबलावर मांडल्या, चारही काळी बाजू वर करून, आणि यातल्या पांढऱ्या किती, असं विचारलं.

"आठ," प्रयाग म्हणाली.

बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा आठ, आणि आता बाईंची कीव केल्यासारखं.

मी डोळे मिटले. अष्टाचंगात सगळे काळे पडले की आठ मोजतात, सगळ्यात मोठं दान ते. म्हणजे वर्षभर मी त्या पोरीला काहीच नसण्याला आठ म्हणायला शिकवलं होतं. शून्य सांगायचं राहूनच गेलं. मला ते दमणीतलं गाठोडंच दिसायला लागलं.

"आठ कसे गं?" बाईंनी विचारलं.

"सगळे काळे पडले का आठ. अन् अजून एक डाव मिळते. तुमच्या इकडं नाही मिळत काय?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. आमच्याकडेही मिळतो म्हणाल्या. मग पाटीवर घरं आखून त्यांनी तिला सांगितलं की तुझ्या सोंगटीला अकरा घरं उरलीत, एकाच खेपेत घरी ने.

"आठ अन् तीन. नाही तं चार, चार अन् तीन. चारलेही डाव मिळते." ती जरा थांबली. "दोन-दोन करत बसलं तं आत्या मारते."

बाईंनी दाराकडे पाहिलं.

"सोंगटी," मी म्हणाले.

"आणि खेळ नसला तर? या फोडींत पांढऱ्या किती?"

प्रयागनं एकदा फोडींकडे, एकदा बाईंकडे पाहिलं. "खेळ नसला तं एकही नाही."

बाईंनी दुसरीच्या हजेरीपटावर नाव घातलं. शून्याचा आकडा तेवढा घरून शिकवून पाठवा, असं मला बजावलं. मी इतक्या जोरात मान हलवली की डोक्यावरचा पदर खाली आला.

बाहेर येऊन मी सांगितलं, तसं मारोतराव बैलांच्या कानांकडे बघत मला म्हणाला,

"मंग पाळणा कोण हालवन, बाई?"

"तू."

घरी आल्यावर दमणीतलं गाठोडं मी उतरवलं, सोडलं, तर आत माझीच फाटकी गोधडी. तिची परकर-पोलकी कोठीमागं लपवलेली निघाली.

"काहून वं हे?"

"दुसरीत नसतं घेतलं," प्रयाग चिंचोके खुळखुळवत म्हणाली, "तं कपडे न्याले परत तं यावंच लागलं असतं."