माशाचा श्रावण

आमच्या मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, एक निळा प्लास्टिकचा टब आहे आणि त्यात झुरळं आहेत. घरात फिरतात ती नव्हेत. ही डुबिया जातीची, मूळची दक्षिण अमेरिकेतली. गुळगुळीत प्लास्टिकवर त्यांचे पाय टिकत नाहीत, म्हणून ती टबातून वर येऊ शकत नाहीत. नराला पंख असतात, पण उडण्याचा उत्साह नसतो. मादी पोटातच अंडी उबवते आणि थेट पिल्लं देते. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचले आणि टब कोरडा, उबदार राखला की ती मुकाट्याने वाढत राहतात. वास येत नाही. हे मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. विश्वास अजून कुणी ठेवलेला नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. टब ठेवू देताना माझ्या सासूबाईंनी, म्हणजे सरलाबाईंनी (मी त्यांना आई म्हणते), एकच अट घातली होती.

"कुणाच्या तरी पोटात जाणार असतील तर ठेव. झुरळांचे लाड करायला हे घर नाही."

पोट होतं. कोन गावात रामनाथशेठांच्या दिवाणखान्यात एक लांब, सोनेरी अरोवाना मासा होता. शेठांची मुलगी रुचिका माझी विद्यार्थिनी, तिच्यामुळे ओळख झाली. त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली त्याच वर्षी मासा घरात आला, त्यामुळे तो शुभ ठरला आणि त्याला फार मान. त्याला जिवंत किडे आवडत, ते माझ्याकडून जात.

श्रावण लागला आणि शेठांच्या पत्नीचा, हौसाबाईंचा फोन आला.

"मॅडम, आता पोळ्यापर्यंत झुरलां पाठवू नका."

"का? मासा बरा नाही का?"

"बरा हाय. पन श्रावन हाय ना. घरान कुनी मटन-मासली खात न्हाय, मंग तो कसा खाईल?"

"तो मासाच आहे, हौसाबाई."

"मासा हाय, पन आमचा हाय."

शेजारी आई वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे महिनाभर खाणारं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मग रविवारी टब हलव."

"कुठे हलवू, आई? परदेशी जात आहे, बाहेर सोडता येत नाही."

"मग अशा वेळी काय करतात?"

"डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. थंडीने मरतात."

"श्रावणात?" त्यांचा हात थांबला. जरा विचार करून म्हणाल्या, "कॉलेजच्या फ्रीझरमध्ये ठेव. आपल्या नको."

चार झुरळांपासून मी ही वसाहत वाढवली होती. प्रयोगशाळेत जागा मिळणार नव्हती, आणि आईंचा शब्द सहसा बदलत नसे.

शनिवारी हौसाबाईंकडे सत्यनारायण होता. आम्हा दोघींना बोलावणं होतं. आईंनी मासा पहिल्यांदाच पाहिला. टाकीच्या तळाशी पांढरे दाणे साचले होते.

"साबुदाना टाकला, पनीर टाकला, राजगिऱ्याचा लाडू टाकला," हौसाबाईंनी सांगितलं. "तोंडान घेतो आनि थुंकतो. नुसता नखरा."

"नखरा न्हाय, भूक हाय त्याला," रामनाथशेठ हळूच म्हणाले.

"तुमी गप बसा. तुमालाच बोंबील आठवतान."

काचेजवळून कुणी गेलं की मासा वर येई, तोंड उघडे, आणि माणूस पुढे गेल्यावर परत खाली जाई. आई बराच वेळ ते बघत होत्या.

"हा काय करतो?" त्यांनी मला विचारलं.

"मागतो."

पूजा झाली. पानं वाढून झाली. सगळे बसले, आई उभ्याच.

"काकू, बसा ना," हौसाबाई म्हणाल्या.

"बसते. आधी त्याला कुणीतरी खायला द्या. उपाशी जिवासमोर मला घास जात नाही."

"त्याचा श्रावन हाय, काकू."

"त्याने धरलाय का? संकल्प केला का त्याने, पाणी सोडलं का? आजाऱ्याला, तान्ह्याला आपण सूट देतो. या बिचाऱ्याला कुणी विचारलंसुद्धा नाही."

हौसाबाई माशाकडे बघत राहिल्या. "पन श्रावनान जीव मारायचा. ता पाप कोनाला?"

"माझ्या घरात वाढतात ना? माझ्या नावावर घाला."

मी आईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

"सोमवार तरी पालायलाच होवा," हौसाबाई शेवटी म्हणाल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी माशाची डॉक्टर. आठवड्यातून एक दिवस या माशाला उपाशी ठेवलेलं चांगलंच असतं, असं मी सांगितलं. ते खरंही आहे.

"बघा," हौसाबाई नवऱ्याला म्हणाल्या. शेठांनी विरोध केलेला नव्हता, तरी मान हलवली. मग आई पानावर बसल्या आणि त्यांनी दोनदा पुरी मागून घेतली.

संध्याकाळी शेठ स्वतः गाडी घेऊन आमच्याकडे आले. मी चिमट्याने झुरळं एका जुन्या बरणीत भरत होते. आईंनी दुरूनच बरणी पाहिली.

"हिच्या झाकणाला भोकं कुठे आहेत? कोनपर्यंत गुदमरतील."

त्यांनी स्वयंपाकघरातून कोथिंबीर ठेवायचा, भोकांच्या झाकणाचा स्टीलचा डबा आणला, तोंड दुसरीकडे वळवून माझ्यापुढे धरला, आणि शेठांना बजावलं, "डबा परत पाठवा हं."

डबा रविवारी परत आला. टब बाल्कनीतच होता. तो हलवायचा विषय कुणी काढला नाही. आईंनी झाकण उघडलं. आत काठोकाठ नारळीभात होता, वर काजू लावलेले.

"रिकामा कसा पाठवतील," त्या म्हणाल्या. मग डबा नाकाजवळ नेऊन वास घेतला. "घासून भरला असेल ना गं?"

"हौसाबाई आहेत, आई. चांगला राखेने घासला असेल."

त्यांनी दोन वाट्या काढल्या, दोन्ही माझ्यापुढे ठेवल्या.

"तू विज्ञान शिकलीस. तू आधी खा."

मी खाल्ला. गूळ बेताचा होता, वेलची जरा जास्त. तसं सांगितल्यावर आईंनी आपली वाटी ओढून घेतली.