वर खोचलेली तार

मी एक जुना लायटनिंग अरेस्टर आहे, म्हणजे आभाळातली वीज अंगावर घेणारा, विजेच्या खांबावरचा राखणदार. आता बोका मान्सा या आमच्या गावच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या फळीवर माझा मुक्काम असतो. अंगाला राखाडी रबराच्या झालरी, पोटात जस्ताच्या भस्माच्या भाजलेल्या चकत्या आणि बुडाशी लोंबणारी एक तार. मित्रांनो, त्या तारेचीच ही गोष्ट आहे. ती सांगितल्यावाचून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

दूरच्या एका कारखान्यात मी घडलो. भट्टीतून निघाल्यावर विजेचे चटके देऊन मला पारखलं, मग होडीत घालून माराकाइबो सरोवराच्या या टोकाला आणलं. आमचं गाव पाण्यातच, लाकडी खांबांवर उभं. कातातुंबो नदी इथे सरोवराला मिळते, आणि वर्षातल्या निम्म्या दिवसांत आभाळ लखलखत असतं. इथली माणसं त्या उजेडात जाळी विणतात, भांडतात, सोयरिकी जुळवतात. विजेची धास्ती काय ती आम्हा खांबावरच्यांना.

गावाच्या एकुलत्या एक ट्रान्सफॉर्मरशेजारी मला बसवलं. घरोघरच्या दिव्यांची वीज माझ्या माथ्यावरून जायची. तिला मी वाट देत नसे. पण आभाळातली वीज तारेत शिरली, की ट्रान्सफॉर्मरला धक्का लागण्याआधी तिला मी पोटातून खाली घ्यायचो आणि तांब्याच्या तारेने सरोवराच्या चिखलात सोडून द्यायचो. पापणी लवायच्या आत वाट पुन्हा बंद. अकरा वर्षं हे व्रत मी मोडलं नाही.

माझं आणखी एक काम होतं, अगदी शेवटचं. मी निकामी झालो, की बुडाची टोपी फट्कन उडायची आणि तार सुटून लोंबायची. होडीतल्या वायरमनला लांबूनही कळावं, ‘हा संपला, दुसरा बसवा.’

आता निकानोराविषयी सांगतो. तिच्या नवऱ्याच्या होडीच्या पंख्यात कुणाच्या तरी दोराचं सुटं टोक अडकलं होतं. वादळात यंत्र बंद पडलं आणि तो परतलाच नाही. त्यानंतर तिने संत बेनितोपुढे नेम धरला. रोज सकाळी, कॉफीचा घोट घेण्याआधी, डोंगीतून गावाला फेरी घालायची आणि पाण्यावर लोंबणारं एकही टोक सुटं ठेवायचं नाही. बायका खिडकीतून चिडवायच्या, “निकानोरा, आमच्या ह्यांची जीभ सुटलीय, तेवढी बांधून जा!”

“ती गाठ संतालाही जमायची नाही गं बाई,” ती म्हणायची आणि पुढे जायची.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी अशी वीज आली, की माझ्या पोटातल्या चकत्या तडकल्या. ट्रान्सफॉर्मर वाचला. माझी टोपी उडाली, तार लोंबली. म्हटलं, चला, शेवटचं कामही पार पडलं.

सकाळी निकानोरा आली. “अगं बाई! हे कुणी सोडलं?” असं म्हणत तिने दुबेळक्याची लांब काठी उचलली आणि तार वर जागच्या जागी खोचून दिली. वरची चालू विजेची तार त्या काठीपासून जेमतेम दोन हातांवर होती. काठी तिला टेकली असती, तर निकानोरा उरली नसती. “आता कसा शहाण्यासारखा दिसतोस!” ती म्हणाली. मला ओरडता आलं नाही.

चार दिवसांनी वायरमन आस्द्रुबाल पाहणीला आला. निकानोराने त्याच्यासाठी कॉफी आणि तळलेली केळी काढली.

“वर चढून बघणार नाहीस का रे?”

“कशाला, मावशी? तार बघा, जागेवर आहे. हा म्हातारा माझ्या सासऱ्यापेक्षा ठणठणीत आहे! आणा ती कॉफी, निवतेय.”

मित्रांनो, इथेच माझं पाप आहे. बोलणं माझ्या हातात नव्हतं, हे खरं. पण ते कौतुक ऐकून मला बरं वाटलं. आतून फुटलेला मी, त्या दिवशी खांबावर ताठ मानेने मिरवलो.

आठवडाभराने पुन्हा वादळ उठलं. निकानोराची धाकटी बहीण एर्मेलिंदा दम्याने घाबरी होऊन दवाखान्यात होती, नाकाला प्राणवायूच्या यंत्राची नळी. हीच एर्मेलिंदा संताच्या उत्सवात ढोलांच्या पुढे गायची. तिचा सूर लागला, की पलीकडच्या होड्या थांबायच्या. वीज आली. तिला द्यायला माझ्यापाशी वाट नव्हती. ट्रान्सफॉर्मर जळाला, तेलाचा काळा धूर पाण्यावर पसरला आणि ते यंत्र बंद पडलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत बहिणीला मांडीवर घेऊन निकानोरा दोन तास होडीत बसली होती. तिथे घशात नळी घातली, म्हणून एर्मेलिंदा वाचली. आवाज मात्र गेला.

मला उतरवायला आस्द्रुबाल वर चढला आणि थबकला. “ही तार कुणी खोचली?”

खालून निकानोराने हात वर केला. “मी. संताचा नेम होता.”

तो शिडीच्या पायरीवरच बसला. म्हणाला, “मीही चढलो नाही, मावशी. कॉफी निवत होती ना.”

निकानोराचा नेम अजून चालू आहे. फक्त नव्या अरेस्टरखाली आली, की ती काठी डोंगीत आडवी ठेवते, हात मागे बांधते आणि नुसती वर बघते. तार लोंबलेली दिसली, तर घरोघर सांगत सुटणार आहे. मग दवाखान्यात येऊन मला पुसते आणि म्हणते, “माझंच चुकलं रे बाबा, माफ कर.” एर्मेलिंदा शेजारच्या बाकावर बोटांनी ढोलाचा ठेका धरते, ओठ हलतात, सूर येत नाही.

रोज ती माझी माफी मागते आणि रोज मी गप्प असतो. माफी खरं तर मीच मागायला हवी.

मित्रांनो, खांबाला कधी काठी लावू नका. लोंबती तार दिसली तर लांब राहा आणि मोठ्यांना सांगा. आणि कुणी आपलं तुटलेपण उघडं करून बसला असेल, तर तो वाईट दिसतो म्हणून घाईने झाकू नका. आधी विचारा, काय झालं.

निकानोरा मला पुसताना माझी तार तेवढी तशीच लोंबती ठेवते.