किसनरावांच्या कानातली सून

सुनेशी बोलायचं नाही, असं किसनरावांच्या घरात कोणी कधी ठरवलं नव्हतं. पण कोकिळा लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्यांच्याशी सरळ एक शब्द बोलली नव्हती. वरवट बकालच्या त्यांच्या गल्लीत तशीच रीत होती. सासऱ्यानं अंगणात शिरण्याआधी खोकायचं, सुनेनं पदर डोक्यावर ओढायचा आणि दोघांचं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून व्हायचं. आधी ते तोंड अन्नपूर्णाबाईंचं होतं. त्या गेल्यावर नात करिष्मा मधे उभी राहिली.

"करिष्मा, आबाले विचार, भाकर वाढू का?"

"करिष्मा, मायले सांग, अर्धीच वाढ."

दोघं समोरासमोर बसलेले, आणि पोरगी मान इकडून तिकडे फिरवून दमायची.

यंदा करिष्माला बुलढाण्याच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि घर मुकं झालं. मुलगा निवृत्ती पुण्याकडे कंपनीत, सणावारी येणारा. उरली दोन माणसं आणि गोठ्यात एक बैल. मग कोकिळा त्या बैलाशीच बोलू लागली.

"काबऱ्या, चहा झाला म्हणा."

किसनरावही गोठ्याकडे पाहूनच उत्तर देत. "काबऱ्या, साखर कमी टाक म्हणा."

काबऱ्या बिचारा रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायचा.

गोठ्यात एकच बैल, हीच त्या घराची खरी अडचण होती. काबऱ्याचा जोडीदार भुऱ्या वैशाखात पोट फुगून गेला. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर निभावली. पण कपाशी वीतभर झाली की तासांमधून डवरा फिरवून तण काढावं लागतं, आणि डवऱ्याला जोडी लागते. त्या दिवसांत कोणी कोणाला बैल देत नाही. ज्याचे त्यालाच पुरत नाहीत. आठपंधरा दिवसांत दुसरा बैल आला नाही तर तण कपाशीला गिळणार, हे किसनरावांना दिसत होतं.

त्यात आणखी एक गाठ होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून डवऱ्यामागे किसनराव नव्हे, कोकिळा चालत होती. म्हणजे बैल आणायचा सासऱ्यानं आणि हाकायचा सुनेनं. साडीचा पदर उडाला, बांगड्या वाजल्या की बिचकणारा बैल असला तर काय उपयोग? बायका काही बैलबाजारात जात नाहीत. आणि तिला कसा बैल हवा, हे विचारायला घरात तिसरं तोंड नव्हतं.

तोड काढली ती करिष्मानंच. सुट्टीला घरी आली तेव्हा तिनं कपाटातून एक डबी काढली. निवृत्तीनं दिवाळीत बापासाठी ब्लूटूथ आणलं होतं, एका कानात घालायचं, काळं, शेंगदाण्याएवढं. किसनरावांनी ते हातात घेऊन पाहिलं होतं आणि तसंच ठेवून दिलं होतं.

"आबा," करिष्मा म्हणाली, "बाजारात तुमचा एक हात काठीले, एक हात सौद्याले. फोन धराले तिसरा हात कुठून आणान? फोन खिशात ठेवा, हे कानात घाला. किणकिण झाली की याच्यावर टिचकी मारा. माय बोलन."

"अन लोकं काय म्हणतीन? म्हातारा नवरदेवावानी सजून आला?"

"लोकं बैल पाहाले येतात. तुमचा कान नाही पाहात."

तिनं चार वेळा करून दाखवलं, चार वेळा त्यांच्याकडून करून घेतलं. चुकले की ती हसायची नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगायची. पोरगी आजीवर गेली, असं किसनरावांना वाटलं.

नांदुऱ्याच्या बैलबाजारात पाऊल टाकलं आणि करिष्माचं म्हणणं खोटं ठरलं. लोक कानच पाहत होते. त्यात ते यंत्र मधूनमधून निळं लुकलुकायचं. इंद्रभान दलाल जुन्या ओळखीचा, तो लांबूनच म्हणाला, "किसनभाऊ, कानात मुंगळा शिरला काय?"

"मुंगळा नाही बाप्पा, फोन हाय."

"मग त्याले खिशात ठेवा ना. कानात काऊन वागवता?"

आजूबाजूचे हसले. तेवढ्यात कानात किणकिण झाली. किसनराव सवयीनं आधी खाकरले, जसे अंगणात शिरताना खाकरत, आणि मग टिचकी मारली. पलीकडे बांगड्या वाजल्या. घरी एकटी असूनही तिनं पदर डोक्यावर घेतला, हे त्यांनी ओळखलं.

पण मधे तिसरं माणूस नाही, बोलणार कसं?

शेवटी कोकिळेचा आवाज आला, "काबऱ्या, पोहोचले का विचार."

ती फोन घेऊन गोठ्यात उभी होती. किसनराव बाजाराच्या मधोमध, काठी टेकून, हवेत पाहत म्हणाले, "काबऱ्याले सांग, पोहोचलो."

शेजारच्या दोन माणसांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि जरा अंतर सोडलं. पण किसनरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या कानात सून हसत होती. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण तिचं हसणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. अन्नपूर्णाबाई म्हणायच्या, सून हसरी आहे. ते आज पटलं.

"मामाजी," ती हळूच म्हणाली, "काबऱ्या जुवाले डाव्या अंगानं चालते. आपल्याले उजवा पाह्यजे."

"हाव."

"अन खांद्यावर हात फिरवून पाहजा. कातडं घट्ट असलं त घेऊ नका."

हे सगळं किसनरावांना ठाऊक होतं. तरी ते प्रत्येक वेळी "हाव" म्हणत राहिले. सांगणारं कोणी आहे, याचंच त्यांना बरं वाटत होतं. एका बैलाचा खांदा सुजलेला निघाला, दुसरा डाव्या अंगाचा. ऊन चढलं. गुडघे बोलू लागले.

मग त्यांना बादशा दिसला. पांढुरका, बांधेसूद, डोळा शांत. मालक पिंपळगाव राजाचे गुलजारभाई, दाढी पिकलेले शेतकरी, दावं धरून खाली मान घालून उभे होते. सकाळपासून चार गिऱ्हाइकं येऊन परत गेली होती.

"गुण लय हायेत," इंद्रभान किसनरावांच्या मोकळ्या कानाशी लागला, "पण अडेल हाय. पाऊल उचलत नाही."

गुलजारभाईंनी दावं ओढून पाहिलं, ओरडून पाहिलं. बादशानं चारही खूर रोवले. किसनरावांनी मागून थाप मारली. बैल ना बिचकला, ना हलला. नुसता कान पाडून उभा राहिला.

"मामाजी," कानात आवाज आला, "हा कोणाच्या हातचा हाय, विचारा."

किसनरावांनी विचारलं.

"माह्याच हातचा. अजून कोणाच्या?" गुलजारभाई म्हणाले, पण जमिनीकडे पाहून.

बैल मनात भरला होता. इंद्रभानानं ते हेरलं आणि रीतीप्रमाणे दोघांचे उजवे हात एकमेकांत देऊन वर आपला दुपट्टा टाकला. या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबून मागायचं आणि द्यायचं. तो भाव त्या दोन हातांबाहेर जात नाही.

पण गुलजारभाईंनी हात काढून घेतला. "भाऊ, कानात कोण हाय?"

"पोरगा हाय," किसनराव पटकन म्हणाले. "पुण्याले असते."

"असू द्या. सौदा दोघांचा असते. तिसरा ऐकून राह्यला असल त मी हात नाही देणार."

म्हणणं चूक नव्हतं. आतापावेतो माणसं जमली होती. कोणी म्हणालं, "म्हातारा पुण्याले विचारून बैल घेते का बे?" किसनरावांचा कान तापला. पण त्याहून जड वाटली ती कानातली शांतता. "पोरगा हाय" हे कोकिळेनंही ऐकलं होतं. तिचा श्वास ऐकू येत होता.

यंत्र काढून खिशात टाकलं असतं तर लोक पांगले असते. किसनरावांचा हात कानापर्यंत गेलाही. पण उद्या जी उन्हात डवऱ्यामागे चालणार, तिलाच आज चार लोकांत आपण नाही म्हटलं, हे त्यांना गिळवेना. त्यांनी हात खाली घेतला.

"पोरगा नाही, गुलजारभाई," ते म्हणाले. "सून हाय. माह्या घरी डवरा तीच हाकते. माहे गुडघे गेले. बैल तिच्या हाताले पाह्यजे, म्हणून तिले कानात घेऊन आलो."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. गुलजारभाई हसले नाहीत. त्यांनी बादशाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग इतक्या हळू बोलले की किसनरावांना एक पाऊल पुढे सरकावं लागलं.

"मग मीबी खरं सांगतो. हा माह्या हातचा नाही. बिलकिसनं वाढवला, माह्या बायकोनं. वासरू होता तवापासून. डवराबी तीच हाकत होती. औंदा तिची कंबर गेली. हा बाप्याच्या आवाजानं पाऊल उचलत नाही, भाऊ. सकाळपासून हेच सांगाची लाज वाटून राह्यली."

कानात कोकिळा म्हणाली, "मामाजी, मले त्याच्यापाशी न्या."

किसनरावांनी खिशातला फोन काढला. मोठा आवाज कसा करायचा हे करिष्मानं शिकवलं नव्हतं. ते गुलजारभाईंनी केलं. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून तो फोन बैलाच्या कानाशी धरला.

"बादशा," फोनमधून आवाज आला. त्यामागे बांगड्या वाजल्या. "चाल बाबा. चाल माह्या राजा."

बादशाचे पडलेले कान उभे राहिले. त्यानं मान वळवली, फोन हुंगला आणि खरखरीत जिभेनं चाटून काढला. किसनरावांनी तो धोतराला पुसला आणि पुढे धरून चालू लागले. कोकिळा बोलत राहिली. बादशा एक पाऊल, मग दुसरं, मग लेकरासारखा त्यांच्यामागे निघाला. इंद्रभान दलालानं गर्दी बाजूला सारून त्यांना वाट करून दिली.

गुलजारभाईंनी डोळे टिपले. "बिलकिसले फोन करतो," ते म्हणाले. "सकाळपासून जेवली नाही ती. बाईच्या हाताखाली चालला म्हणून सांगतो, म्हणजे दोन घास खाईन."

पुन्हा दुपट्टा पडणार, तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "मामाजी, आता भावाच्या वक्ती मले बंद करून ठेवा. भाव तुमचा. तुमी करान तो खरा."

किसनरावांनी क्षणभर डोळे मिटले. बैल तिचा, भाव त्यांचा. म्हातारपणी माणसाच्या पदरात आणखी काय पडावं? त्यांनी फोन बंद केला, कानातलं काढून सगळ्यांदेखत खिशात टाकलं आणि मोकळा कान गुलजारभाईंना दाखवला. दुपट्ट्याखाली दोन हात भेटले. कोणती बोटं दाबली गेली ते त्या दोन हातांनाच ठाऊक. सौदा ठरल्यावर गुलजारभाईंनी आपण होऊन एक बोट मागे घेतलं, भाव थोडा उतरवला. किसनरावांनी चमकून वर पाहिलं, तर ते म्हणाले, "राहू द्या. सुनेले सांगा, याले गूळ आवडते."

छोट्या टेम्पोत बादशाशेजारी बसून परतताना किसनराव मनातल्या मनात एकेकाला हात जोडत होते. ज्यानं यंत्र आणलं त्याला, जिनं धीरानं शिकवलं तिला, आणि कधी न पाहिलेल्या बिलकिसबाईलाही. सकाळी ज्याची लाज वाटत होती ते शेंगदाण्याएवढं यंत्र जागेवर असल्याची त्यांनी वाटेत दोनदा खिसा चाचपून खात्री केली.

दिवेलागणीला टेम्पो घरी आला. किसनराव फाटकाशी खाकरले. कोकिळा पदर डोक्यावर घेऊन तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभीच होती. भाकरीवर गुळाचा खडा ठेवलेला. गूळ तिनं तिच्याच मनानं ठेवला होता. तिनं बादशाच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, भाकर चारली. "ये बाबा, हे आता तुह्यं घर," म्हणत ती पुढे निघाली आणि तो तिच्यामागे गोठ्यात गेला. आत काबऱ्यानं हंबरून जागा दिली.

किसनराव ओट्यावर टेकले आणि गुडघे चोळू लागले. आता काबऱ्याच्या नावानं चहाचा निरोप येणार, म्हणून त्यांनी गोठ्याकडे मान वळवली.

"मामाजी," आवाज आला, "चहा ठेवू, का आधी जेवता?"

किसनरावांचा हात आपसूक कानाशी गेला. कान रिकामा होता. यंत्र तर खिशात होतं. त्यांनी वर पाहिलं. कोकिळा गोठ्याच्या दारात, पदर डोक्यावर, सरळ त्यांच्याकडे पाहत उभी होती. मधे कोणी नव्हतं.

"चहाच ठेव, बाई," किसनराव म्हणाले. "साखर तुह्या मनानं टाक."