मुखपृष्ठावर एकच नाव

भिवंडीत कुणाचं लग्न ठरलं नि कुणाचं फिसकटलं, हे मला पाहुण्यांच्या आधी कळतं. पत्रिका माझ्याच प्रेसमध्ये छापतात. कादंबरी मात्र बावीस वर्षांत पहिल्यांदा आली.

धम्मदिना भालेराव जवळच्या वडपे गावातल्या गोदामात कॉम्प्युटरवर मालाची नोंद करते. धाकली मुकणे तिथंच खोकी बांधते. चार वर्षं जेवणाच्या सुट्टीत एक सांगायची, दुसरी लिहायची. धाकलीच्या पाड्यावरच्या, बाहेर कुणी कधी न सांगितलेल्या गोष्टी. अकरा वह्या भरल्या, त्यातल्या नऊंवर चटणीचे डाग. त्या गोष्टी गुंफून ही कादंबरी झाली.

पुस्तक काढणार होतं गावचं वाचनालय, म्हणजे दौलत गुरुजी. त्यांनी अडतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, निवृत्तीनंतर गावाची घेतात. दोघींना घेऊन ते प्रेसमध्ये आले नि मुखपृष्ठाच्या नमुन्यावर दोन नावं दिसताच त्यांनी चष्मा काढला.

"एकच नाव राहील. जिनं लिहिलं तिचं. हिचे आभार मानू की आत, शेवटच्या पानावर."

"मग छापूच नका," धम्मदिना म्हणाली.

"अगं, हिला सही तरी येते का?"

"येते की," धाकली म्हणाली. "गोदामात रोज दोनदा करते, आत जाताना नि बाहेर येताना. तुमी कितीदा करता?"

मी उगाच शाईचा डबा शोधू लागलो. हसू लपवायला काहीतरी हवं होतं.

गुरुजी पेटले. "लेखिका ना तू? मग सांग एक गोष्ट. आत्ता, इथं."

धाकली स्टुलावर बसली. "आमच्या पाड्यावरची द्रौपदी. नवरा मेला नि तिसऱ्या दिशी तिच्या दारात एक मानूस उभा. आंगात नवऱ्याचाच सदरा."

आणि गप्प. आम्ही वाट पाहतोय, पंखा फिरतोय.

"विसरलीस ना?"

"न्हाय. हुंकार कुठाय?"

धम्मदिनानं उलगडा केला. ऐकणाऱ्यानं वाक्यागणिक 'हूं' म्हणायचं. त्याशिवाय त्यांच्यात गोष्ट पुढं सरकत नाही. "मी काय चार वर्षं नुसती लिहीत होते, गुरुजी?"

"म्हणजे मी हूं म्हणू? हिला?"

"नगा म्हनू. ऱ्हाईल तो दारात उभा."

गुरुजींनी नमुना चाळला, घड्याळ पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"...हूं."

"मोठ्यानं."

"हूं!"

मग धाकली सुटली. पत्रिका न्यायला आलेला चांगदेव दारातच थबकला नि त्यानंही सूर धरला. माझंही यंत्र बंद. गुरुजींचे हुंकार मी मोजले: एकसष्ट. पहिले दहा उपकार केल्यासारखे, पुढचे घाईचे, शेवटचे तीन तर कुणी न सांगता मोठ्यानं.

गोष्ट संपली. गुरुजींनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "धाकलीबाई, आडनाव कसं लिहिता तुम्ही?"

'तुम्ही'! या माणसानं कलेक्टरला फोनवर 'अरे' म्हटलेलं मी ऐकलंय.

"मुकणे."

"प्रेसवाले, यांचं नाव वर घ्या."

"वर नगं," धाकली म्हणाली. "शेजारी टाका. आमी बसतो तशा."

दोन्ही नावं एका ओळीत मावेनात. मग मी कादंबरीचंच नाव बारीक केलं.