बरोबरचं चिन्ह

तिने बेल वाजवली आणि आत पावलं वाजताच परत फिरावंसं वाटलं. तोवर मास्तरांनी दार उघडलंही.

"तू? ये, ये. चप्पल राहू दे पायात."

ऑफिसात सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे; वयाने तिच्याहून वीस वर्षांनी मोठे, पण काम तिच्या हाताखाली करायचे. त्यांची मंडळी प्रोग्रामिंगची एक नवी भाषा घडवत होती आणि घोडं एका चिन्हापाशी अडलं होतं. उत्तर दुसऱ्या यंत्राकडून मागवलं की यायला वेळ लागतो. तोवर प्रोग्राम पुढे निघून जातो, जुनाच आकडा जागेवर राहतो. अशा उशिरा येणाऱ्या उत्तरासाठी मास्तरांना वेगळा बाण हवा होता. तिला नेहमीचं '=' हे बरोबरचं चिन्हच सुटसुटीत वाटत होतं.

"वाट बघावी लागणार, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे," ते बैठकीत म्हणाले होते.

"मास्तर, वाट बघायचा जमाना गेला आता," तिने टोला हाणला होता.

सगळे खो खो हसले. महिन्याभरात मास्तरांनी नोकरी सोडली. भाषा तिच्याच चिन्हासह बाहेर पडली आणि लोक ती वापरू लागले.

तिने पर्समधलं पत्र त्यांच्यापुढे धरलं. एका लॅबच्या प्रोग्रामरने लिहिलं होतं. तपासणीचा निकाल यायच्या आत रिपोर्ट छापला गेला, त्यात आधीच्या पेशंटचा आकडा तसाच राहिला. एक बाई अकरा दिवस भलतंच औषध घेत होत्या.

मास्तरांनी सावकाश वाचलं.

"तुमचं ऐकायला हवं होतं. वर चारचौघांत हसले तुम्हाला," ती म्हणाली. "बोला मला, काय बोलायचं ते."

ते पत्राची घडी नखाने दाबत राहिले.

"अगदी हेच उदाहरण मी लिहून ठेवलं होतं गं. यंत्र, रिपोर्ट, मागचा आकडा. दाखवलं असतं तर तू ऐकलं असतंस. पण डोकं फिरलं होतं माझं. म्हटलं, पडू देत तोंडावर."

वाटभर घोकलेली माफी आता कोणी कोणाची मागायची, तिला कळेना.

"त्या बाई कशा आहेत आता?" मास्तरांनी विचारलं.

तिने पत्र परत घेऊन उलटसुलट करून पाहिलं. त्यात ते नव्हतं. कितीदा तरी वाचलं होतं तिने. हे विचारायचं मात्र सुचलंच नव्हतं.

खाली प्रोग्रामरचा नंबर होता. तिने तो लावला. मास्तर खुर्ची ओढून जवळ बसले.

"तुमच्या पत्राबद्दल बोलतेय," ती म्हणाली. "आधी एवढंच सांगा, त्या बाई कशा आहेत?"

"विचारून सांगतो, थांबता का?" पलीकडून प्रश्न आला, आणि ती फोन कानाला धरून थांबली.